मीटर आधी डीपीवर

मिरग लागून आठवडा झाला होता. शनिवारी रात्री नऊला करंट गेला, साडेअकराला आला आणि पुन्हा गेला. रविवारी सकाळी आम्ही सोप्यावर चहा घेत बसलो होतो. शेजारची वहिनी कुंपणाच्या वाटेने आली आणि माझ्या मुलीला म्हणाली, “बाय, तू यातली शिकलेली. नवा स्मार्ट मीटर येणार म्हणतात. बसवून घ्यावा की नको?”

“घे,” मुलगी म्हणाली.

“घेऊ नकोस,” तिचा मामा म्हणाला.

दोघे एकाच वेळी बोलले. वहिनी आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिली आणि मग तिथेच पायरीवर बसली.

मामा म्हणजे माझा मेहुणा. 1986 साली लायनमनचा मदतनीस म्हणून लागला आणि 2022 साली निवृत्त झाला. छत्तीस वर्षे डिचोली तालुक्यातले खांब चढला. मुलगी विद्युत अभियंता आहे. पुण्यात मीटरांकडून येणाऱ्या नोंदी गोळा करणाऱ्या प्रणालीवर ती काम करते. दोघांचे बोलणे घरच्या बोलीत झाले, मी ते मराठीत लिहितो आहे. आमच्याकडे मामाला ‘तू’च म्हणतात, ते तसेच ठेवले आहे. वहिनीचा प्रश्न आज आमच्या शिरगावात, मयेत, पेडण्यात, सीमेपलीकडे दोडामार्गातही घरोघर विचारला जातो. म्हणून त्या दिवसाचे बोलणे मला जितके आठवते तितके इथे देतो.

मामाने पैशांवरून सुरुवात केली नाही. तो म्हणाला, “आज बिल भरायला उशीर झाला तर दारात माणूस येतो. एकदा कट करायच्या यादीत एका म्हाताऱ्याचे घर आले. त्याला घरी ऑक्सिजनचे मशीन लावलेले होते. मी त्याच्या मुलाला बोलावून घेतले, त्याला बिल भरायला लावले आणि तोवर खांबाला शिडी लावली नाही. तुझा मीटर काय करणार?”

“प्रीपेड असला आणि पैसे संपले तर तोडणार. पण आधी निरोप पाठवणार.”

“कुणाला? मुलाच्या फोनवर. मुलगा मोपाला विमानतळावर रात्रपाळीला. फोन लॉकरमध्ये.”

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुझ्या बाजूचा याहून मोठा दाखला मीच देते. 12 ऑगस्ट 2020, गोकुळाष्टमीचा दिवस. उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर बसवलेल्या सुमारे दीड लाख घरांचा करंट एकदम गेला. बिल भरलेल्यांचाही. प्रणालीतून एक चुकीची आज्ञा गेली आणि मीटरांनी ती पाळली. त्यानंतर राज्याने नवे मीटर बसवणे थांबवले.”

“बघ. मी यादी चुकीची आहे म्हणून सांगू शकतो. मीटर सांगत नाही.”

“मान्य. पण त्यावरून एवढेच ठरते की तोडायचा हक्क यंत्राच्या हाती देऊ नये. मोजायचा देऊ नये, असे ठरत नाही.”

मला वाटते, सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. त्या डब्यात दोन यंत्रे एकत्र बसवलेली आहेत. एक मोजते आणि दुसरे तोडते. लोकांचा राग दुसऱ्यावर आहे आणि त्या रागात पहिलेही फेकले जाते. महाराष्ट्रात 2024 साली तेच झाले. इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्यासारख्या वीज ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी विरोध उभा केला, ठिकठिकाणी मोर्चे निघाले. शेवटी जूनमध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर करावे लागले. नंतर मीटर आलेच, टीओडी म्हणजे वेळेनुसार मोजणारे आणि बिल नंतर देणारे. लोकांनी तोडणारे यंत्र अडवले, हे चांगले झाले. पण मोजणाऱ्या यंत्राकडून आपल्याला काय मिळायला हवे, ते कुणी मागितले नाही.

वहिनीला घरी कामे होती, ती गेली. मामा उठला, छत्री घेतली आणि भाचीला म्हणाला, “चल, डीपी दाखवतो.”

गावाच्या कडेला, काजूच्या चढणीखाली आमचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला सगळे डीपीच म्हणतात. 11 हजार व्होल्टची लाइन वरून येते, खाली घरांना 230 व्होल्ट मिळतात. शंभर केव्हीएचा आहे. मामा त्याच्यापासून दहा हातांवर उभा राहिला आणि डोके किंचित कलते करून ऐकू लागला.

“आता निम्मादेखील भरलेला नाही,” तो म्हणाला. “रात्री नऊला आवाज जड होतो. मे महिन्यात तर तो कण्हतो. वाय फेजवर घरे जास्त आहेत, तिथला फ्यूज आधी उडतो.”

“हे कुठे लिहून ठेवले आहेस?”

“लिहायचे कशाला? मला माहीत आहे.”

“तू 2022 ला निवृत्त झालास, मामा. आता ते कुणाला माहीत आहे?”

मामाने उत्तर दिले नाही. मुलीने आवाज खाली आणला, पण सोडले नाही. “काल रात्री करंट गेला तो सबस्टेशनला कळला?”

“फीडर, म्हणजे तिथून निघालेली मुख्य लाइन, ट्रिप झाला असता तर कळला असता. काल इथला डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडाला होता. अशा वेळी कुणी फोन करीपर्यंत कळत नाही. जंपर तुटला तरी तेच.”

“म्हणजे 1986 ला जसे होते तसेच. ऑर्डर केलेले जेवण कुठल्या वळणावर पोचले ते आज फोनवर दिसते. पण शंभर घरे अंधारात गेली, हे कळायला त्यांच्यातल्याच एकाला फोन करावा लागतो. मी ज्याला स्मार्ट ग्रिड म्हणते ते काम इथून सुरू होते, घरातून नाही. या डीपीवर एक मीटर बसव. दर पंधरा मिनिटांनी तो सांगेल: तिन्ही फेजवर किती भार, व्होल्टेज किती, तेल किती तापले. करंट गेला की त्याच्यातल्या छोट्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर तो ‘माझा पुरवठा गेला’ एवढा निरोप धाडून बंद पडतो. लाइनवर बिघाड दाखवणारा एफपीआय बसव. बिघाडाचा करंट त्याच्यातून गेला की त्याचा दिवा लागतो. रात्री पावसात माणसाने सात किलोमीटर लाइन चालत तपासायची, त्याऐवजी तो थेट बिघडलेल्या दोन खांबांमध्ये पोचतो.”

मामा म्हणाला, “ही गोष्ट तू सकाळी वहिनीला का सांगितली नाहीस?”

“तिने घरच्या मीटरबद्दल विचारले होते.”

“सगळे घरच्या मीटरबद्दलच विचारतात. कारण सगळे घरच्या मीटरबद्दलच सांगतात.”

इथे मुलीने त्याला आकडे दिले, आणि ते मला महत्त्वाचे वाटतात. केंद्र सरकारची सुधारित वितरण योजना जुलै 2021 मध्ये आली. एकूण खर्च 3 लाख 3 हजार 758 कोटी रुपये. त्यात देशभर सुमारे 20 कोटी ग्राहकांचे मीटर, सुमारे 52 लाख डीपींचे आणि सुमारे 2 लाख फीडरांचे मीटर मंजूर झाले. ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेत फीडरांची मुदत डिसेंबर 2022 होती आणि घरांची मार्च 2025. दोन्ही तारखा आता मागे पडल्या आहेत. पण क्रम कागदावर बरोबर होता: आधी फीडर, शेवटी घर.

“का हवा हा क्रम, सांगू?” मुलगी म्हणाली. “डीपीतून दिवसाला 600 युनिट खाली उतरले आणि घरांच्या मीटरांची बेरीज 540 आली, तर 60 युनिट कुठे तरी गेले. तारेत तापून गेले, की आकडा टाकून चोरले, की एखादा मीटर मंद आहे, ते शोधता येते. डीपीवर मीटरच नसेल तर घरांची बेरीज कितीही बरोबर असो, ती कशातून वजा करणार? देशाची एकूण हानी 2020-21 मध्ये 22 टक्क्यांच्या वर होती, 2022-23 मध्ये ती 15 टक्क्यांच्या आसपास आली. गोव्याची हानी त्याहूनही कमी आहे. म्हणून मी म्हणते, गोव्यात स्मार्ट मीटर चोरी पकडायला हवा असे कुणी सांगत असेल तर ते कारण दुबळे आहे. आपल्याला तो दुसऱ्या कामासाठी हवा आहे.”

“कुठल्या?”

“चल, सांगते. पाऊस वाढला.”

परत येताना आम्ही देवळाच्या बाजूने आलो. लईराई देवीच्या होमकुंडाची जागा ओली, काळपट दिसत होती. मामा तिथे थांबला. कितीतरी जत्रांत तो रात्रभर या आवारात उभा राहिलेला आहे. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आणि त्यांच्याहून जास्त माणसे गावात येतात. मोगऱ्याची, मिठाईची, खेळण्यांची दुकाने लागतात आणि दोन रात्रींपुरता गावाचा भार कैक पटींनी वाढतो. “दुकाने तिन्ही फेजवर वाटून द्यायची,” तो म्हणाला. “एकाला आर, दुसऱ्याला वाय, तिसऱ्याला बी. कुणी रात्री उठून मोठी भट्टी लावली की एक फेज ओढला जातो. मग भार दुसरीकडे हलवायचा. हे सगळे गर्दीत, पहाटे दिवा जाऊ न देता. जत्रेत दिवा जाणे म्हणजे काय, ते मी कुणाला सांगायला नको.”

तो पुढे बोलला नाही. 2025 च्या 3 मेला पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसे गेली. महिना उलटला होता तरी गावात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हते. मुलगीही गप्प राहिली. थोडे पुढे आल्यावर ती म्हणाली, “मामा, मागच्या पाच जत्रांच्या दोन रात्री, दर पंधरा मिनिटांचा भार, फेजवार. हे तुझ्या जागी आलेल्या नव्या पोराच्या हातात असते तर?”

“तर त्याला बरे झाले असते,” मामा म्हणाला. “पण तो इथे उभा हवाच.”

“उभा हवाच,” ती म्हणाली.

जेवणे झाली. दुपारी मामा पडला नाही, सोप्यावरच बसून राहिला. सकाळची अर्धी गोष्ट त्याला पुरी करायची होती. “तू निरोप धाडणारा मीटर म्हणालीस. तौक्ते वादळ आले तेव्हा मी नोकरीत होतो. 16 मे 2021, रविवार. कोविडची दुसरी लाट. झाडे लाइनवर आडवी, खांब मोडलेले. डिचोलीपासून पेडण्यापर्यंत सगळे अंधारात. आम्ही करवत आणि दोर घेऊन फिरत होतो. पहिल्या रात्रीनंतर मोबाइलचे टॉवरही गेले, त्यांच्या बॅटऱ्या उतरल्या. तुझ्या मीटराने निरोप कुणाकरवी धाडला असता?”

ही हरकत खरी आहे आणि मुलीने ती टाळली नाही. “मोबाइलवर चालणारे मीटर त्या वादळात पहिल्या काही तासांनंतर मुके झाले असते. काही ठिकाणी मीटर रेडिओवर एकमेकांमार्फत निरोप पुढे सरकवतात, पण त्यांनाही मधली पेटी जिवंत लागते. डोंगराळ गावात दोन्हींची अडचण. पण मामा, वादळ वर्षातून एक. बाकी तीनशे चौसष्ट दिवस फांदी, माकड, ओला इन्सुलेटर, उडालेला फ्यूज. त्या दिवसांत निरोप पोचतो. आणि वादळातही पहिल्या तासाचे निरोप मिळाले तरी कुठला डीपी कधी गेला याचा नकाशा तयार होतो. तुम्ही त्या रात्री कुठून सुरुवात केलीत?”

“इस्पितळाच्या फीडरपासून. मग पाण्याचे पंप. मग जिथून जास्त फोन आले तिथे.”

“फोन कुठून जास्त येतात?”

मामाने तिच्याकडे पाहिले. “जिथे ओळखी जास्त तिथून.”

शेवटच्या वाड्यावरचे माणूस फोन करत नाही. त्याला नंबर माहीत नसतो, किंवा आपला फोन कोण घेणार असे वाटते. त्या वाड्यावरचा डीपी मात्र बाजारातल्या डीपीइतक्याच जोराने निरोप देतो. नव्या तंत्राच्या बाजूने मी आजवर ऐकलेल्या सगळ्या कारणांत मला हे एकच पुरते पटले.

मग तिने ‘दुसऱ्या कामा’कडे विषय नेला. गोव्यात मोठे वीजघर नाही. आपली बहुतेक वीज केंद्राच्या वाट्यातून येते, छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून, तेलंगणातल्या रामगुंडमहून. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेची जाळी सोलापूर-रायचूर लाइनने उरलेल्या देशाला जोडली गेली. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच 50 हर्ट्झचा ताल चालतो. एवढ्या मोठ्या जाळीचा आधारही मोठा आणि ओझेही मोठे. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर, मग पूर्व आणि ईशान्य जाळी कोसळली, तेव्हा सुमारे 60 कोटी माणसे अंधारात होती.

“आता दुपारी देशात सूर्याची वीज भरपूर आहे,” ती म्हणाली. “जानेवारी 2025 मध्ये सौर क्षमता 100 गिगावॉटवर गेली. पण संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळलेला आणि प्रत्येक घरात एसी, मिक्सर, टीव्ही चालू. त्या चार तासांसाठी कोळसा जाळायचा, नव्या लाइनी टाकायच्या. तम्नारची लाइन आठव.”

कोण विसरेल? छत्तीसगडमधल्या तम्नारहून गोव्यात वीज आणणाऱ्या लाइनसाठी मोलेच्या जंगलातून पट्टी पाडायची होती. 2020 साली तरुण पोरे रस्त्यावर आली. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जंगलात नवी वाट पाडण्यापेक्षा आधीपासून असलेल्या 220 केव्ही लाइनची पट्टी वापरावी असे सुचवले. “मोले वाचवा म्हणणाऱ्यांत मीही होते,” मुलगी म्हणाली. “मग मला हेही म्हणायला हवे की संध्याकाळचा भार खाली आणा. झाडही नको आणि वेळेचा दरही नको, असे दोन्ही मला म्हणता येणार नाही.”

केंद्राच्या 2023 च्या नियमांत हा वेळेचा दर आहे. उन्हाच्या आठ तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी किमान 10 टक्के जास्त. शेती सोडून इतर ग्राहकांना तो 1 एप्रिल 2025 पर्यंत लावायचा होता. मामाला हा नियम मुळीच आवडला नाही.

“मोपाहून सात वाजता घरी येणाऱ्या बाईने वाटण दुपारी करायचे? जो दुपारी घरी असतो त्याला स्वस्त, जो कामाला जातो त्याला महाग. आणि हे ठरवणारा वीज नियामक आयोग बसतो गुरुग्रामला.”

“सुनावणीला इथे येतो. तिथे जाऊन हे बोलायला हवे. तिच्या मिक्सरचा भार दहा मिनिटांचा आहे, त्याने जाळी वाकत नाही. विजेवरच्या एका मोटारीचा घरचा चार्जर सात किलोवॉटचा असतो. तुझ्या डीपीवर अशा दहा मोटारी रात्री आठला लागल्या तर सत्तर किलोवॉट झाले. घरांना काय उरले? वेळेचा दर त्यांच्यासाठी हवा. कुळागरातला पंप रात्रीऐवजी दुपारी बाराला चालला तर पोफळीला फरक पडत नाही, जाळीला पडतो.”

“मग तसे लिहा ना नियमात. कमी युनिटवाल्यांना सोडा.”

“मीही तेच म्हणते.”

वेळेचा दर ठरावीक युनिटांच्या वरच लागावा, या मताचा मीही आहे. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराकडून वेळेची शिस्त मागणे अन्याय आहे, आणि त्यातून जाळीला फारसे मिळतही नाही.

मामाचे शेवटचे भय वेगळेच होते, आणि ते त्याने संध्याकाळी सांगितले. त्याचा एक सोबती लाइन क्लिअर घेऊन, सबस्टेशनला फीडर बंद करून खांबावर चढला होता. एका इमारतीत जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता जोडलेला होता. करंट गेल्यावर त्यांनी जनरेटर सुरू केला आणि वीज उलटी डीपीत, डीपीतून 11 हजार होऊन लाइनवर गेली. तो खाली जिवंत उतरला नाही. “आता घरोघर सोलर बसणार. प्रत्येक घर वीज सोडणार. आमच्या पोरांनी कुठल्या लाइनवर विश्वास ठेवायचा?”

मुलीने हे फार काळजीपूर्वक समजावले. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान. त्यात बसणारा इन्व्हर्टर लाइन मेली की स्वतः बंद व्हायलाच हवा, तसा तो बनवलेला असतो. धोका आहे तो जनरेटरचा आणि चुकीच्या जोडणीचा. “आणि डीपी मेला असताना एखाद्या घराचा मीटर जिवंत दिसला, तर उलटा करंट तिथून येतो आहे हे पडद्यावर दिसते. तुझ्या सोबत्याच्या वेळी हे दिसले असते.”

मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दिसले असते तर बरे झाले असते. तरी मी पोरांना सांगणार, पडदा काहीही म्हणो, दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावल्याशिवाय तारेला हात नाही.”

“ते तर नियमातच आहे. पडदा अर्थिंगच्या जागी नाही, अर्थिंगच्या आधी आहे.”

पडद्यावर पूर्ण विसंबू नये हे तिलाही मान्य होते, म्हणून तिने त्याला युक्रेनची हकीकत सांगितली. 23 डिसेंबर 2015 ला तिथे हल्लेखोरांनी संगणकांत शिरून दुरूनच सबस्टेशनचे ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांचा करंट गेला, तोही हिवाळ्यात. काही तासांत तो परत आला. कारण माणसे गाड्या घेऊन सबस्टेशनांत गेली आणि त्यांनी हातांनी ब्रेकर चढवले. हाताने चालवायची सोय आणि चालवणारे हात, दोन्ही तिथे शिल्लक होते. 2025 च्या 28 एप्रिलला पोर्तुगाल आणि स्पेन भर दुपारी अंधारात गेले. गोव्यातल्या किती घरांतून त्या दिवशी लिस्बनला फोन लागत नव्हते! तिथे व्होल्टेज चढत गेला आणि संरक्षक यंत्रणा एकामागून एक सुटत गेल्या. युरोपातले ते श्रीमंत देश. तिथेही जाळी पुन्हा उभी करायला रात्र उलटली.

“म्हणजे शेवटी हात लागले,” मामा म्हणाला.

“लागले. मी कधी म्हटले की लागणार नाहीत? पण गावात पाच लायनमन असायचे तिथे उद्या दोन ठेवले आणि सांगितले की मीटर आले, आता माणसे कशाला, तर मी तुझ्या बाजूने बोलेन. जाळी शहाणी करायची आणि माणसे कमी करायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी त्या एकत्र विकत असेल तर घेऊ नये.”

दिवेलागणीला वहिनी पुन्हा आली. उत्तर तिला हवे होतेच. दोघांनी मिळून तिला जे सांगितले ते असे. घरचा मीटर आला तर बिल नंतर देणाराच घे, प्रीपेड मागू नकोस. जुना मीटर निघताना त्याच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढून ठेव. नव्याचा आकडा पटला नाही तर तक्रार लेखी दे. फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे पाच दिवसांत शेजारी दुसरा तपासणी मीटर लावून तो किमान तीन महिने चालवणे वितरण करणाऱ्याला बंधनकारक आहे. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी वाढीव भाराचा दंड लावता येत नाही, हे 2023 च्या नियमांत आहे. आणि तुझ्या घराची नोंद तुला पाहता आलीच पाहिजे, ती तुझी आहे.

“आणि डीपीवर?” वहिनीने विचारले. तिने दुपारचे बोलणे कुंपणापलीकडून ऐकले असावे.

डीपीसाठी आम्ही अर्ज लिहिला. मामाने फेजवार घरांची यादी आठवून सांगितली, मुलीने ती टिपली. छत्तीस वर्षांची ती माहिती पहिल्यांदा कागदावर आली आणि तीन पाने भरली. शिरगावच्या पुढच्या ग्रामसभेत आम्ही तीन मागण्या ठेवणार आहोत. गावातल्या प्रत्येक डीपीवर घरांच्या आधी मीटर बसावा. करंट कधी गेला, किती वेळ गेला आणि का गेला याची नोंद दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावी. आणि मीटर आले म्हणून लायनमनची एकही जागा रिकामी राहू नये.

तुमच्या गावाचा डीपी कुठे आहे ते आज जाऊन पाहा. त्याच्यावर मीटर आहे का, ते विचारा. नसेल तर हाच अर्ज तुमच्या ग्रामसभेत द्या. आणि तुमच्या गावात निवृत्त लायनमन असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा.